सही एकाची, हात शेकडोंचे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर एक किल्ला दिसतो आणि त्याच्याखाली वळणदार अक्षरांत एक नाव उमटतं : वॉल्ट डिस्ने. ते वळण जगातल्या कुठल्याही शाळकरी मुलाच्या ओळखीचं आहे. गंमत अशी की, ही सुबक सही म्हणजे वॉल्ट डिस्नेचं रोजच्या हातचं अक्षर नव्हे. ते कंपनीनं घोटून घडवलेलं रूप. तो हयात होता तेव्हासुद्धा चाहत्यांना पाठवायच्या चित्रांवर त्याच्या नावानं सही करण्याची मुभा स्टुडिओतल्या काही चित्रकारांना दिलेली होती.

नाव कुठे आणि कसं घालायचं, हा कवीच्या जिव्हाळ्याचा विषय. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं तखल्लुस गुंफतो, त्या शेराला मक्ता म्हणतात. आपल्या संतांनी अभंगाच्या अखेरच्या चरणात नाममुद्रा घातली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही घातली. मुद्रा घातली की जबाबदारी आली. हे माझं आहे, बरं-वाईट काय ते मला विचारा, असा त्याचा अर्थ. पण एखादी कृती पाचशे-सातशे माणसांनी मिळून केली असेल, तर तिच्यावर मुद्रा कुणाची घालायची? डिस्ने स्टुडिओचा शंभर वर्षांचा इतिहास मी वाचला तो ह्या एका प्रश्नाच्या अंगानं. मला तरी त्यात परीकथांपेक्षा जास्त नाट्य दिसलं.

१९१९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी या गावात, जाहिरातींची चित्रं काढणाऱ्या एका कार्यालयात दोन पोरं भेटली. दोघांचंही वय अठराच्या आसपास. एक वॉल्ट डिस्ने, दुसरा अब आयवर्क्स. वॉल्ट बोलका, स्वप्नाळू, दुसऱ्याला पटवण्यात पटाईत. अब अबोल, पण त्याच्या हातात जादू. १९२२ मध्ये वॉल्टनं ‘लाफ-ओ-ग्राम’ नावाची व्यंगपट काढणारी कंपनी काढली, ती वर्षभरातच बुडाली. दिवाळं निघालेला हा तरुण १९२३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला मोठा भाऊ रॉय याच्याकडे गेला. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला मार्गारेट विंकलर या वितरक बाईंशी करार झाला आणि ‘डिस्ने ब्रदर्स’ हा स्टुडिओ उभा राहिला. नाव दोघा भावांचं. पुढे १९२६ मध्ये हायपेरियन अ‍ॅव्हेन्यूवरच्या नव्या जागेत गेल्यावर पाटीवरून भाऊ गेला, एकट्या वॉल्टचं नाव राहिलं. रॉयनं त्याबद्दल कुरकूर केल्याचं माझ्या वाचनात नाही. तो आयुष्यभर पैशांची बाजू सांभाळत राहिला.

वॉल्टला नावाची आणि मालकीची किंमत कळली ती एका सशामुळे. १९२७ मध्ये स्टुडिओनं ‘ओस्वाल्ड’ नावाचा ससा जन्माला घातला. तो लोकांना आवडला. वितरक होता चार्ल्स मिन्ट्झ, मार्गारेट विंकलर बाईंचा नवरा. १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट प्रत्येक चित्रपटामागे थोडे जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला, तर मिन्ट्झनं आहे तीच रक्कम कमी करायची भाषा केली. वर हेही ऐकवलं की, तुझे बहुतेक चित्रकार मी आधीच माझ्याकडे वळवले आहेत. ओस्वाल्डचे हक्क तर करारानुसार युनिव्हर्सल कंपनीकडेच होते. म्हणजे ससाही गेला आणि सशाला पळवणारे हातही गेले. जे थोडे राहिले त्यांत अब आयवर्क्स होता.

त्यानंतर जन्मला मिकी माऊस. न्यूयॉर्कहून परतताना आगगाडीत आपल्याला उंदीर सुचला, ही गोष्ट वॉल्टनं पुढे अनेकदा रंगवून सांगितली. सुचला असेलही. पण कागदावर त्याला चालतं-बोलतं केलं आयवर्क्सनं. जुन्या करारातले ओस्वाल्डचे शेवटचे चित्रपट त्याच इमारतीत पुरे होत होते आणि ते करणारे काही जण लवकरच मिन्ट्झकडे जाणार होते, म्हणून मिकीचा पहिला चित्रपट ‘प्लेन क्रेझी’ आयवर्क्सनं त्यांच्यापासून लपूनछपून, जवळजवळ एकट्यानं काढला. दिवसाला सातशे चित्रं तो काढत होता, असं सांगतात. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात ‘स्टीमबोट विली’ लागला. चित्राबरोबर अचूक ठेक्यात आवाज, हे लोकांना नवं होतं. मिकीचं नाव झालं, वॉल्टचं नाव झालं. ‘स्टीमबोट विली’च्या पाटीवर वॉल्टच्या नावाखाली आयवर्क्सचं नाव होतं. पण लोक पाटीवरचं पहिलं नाव लक्षात ठेवतात. १९३० च्या जानेवारीत आयवर्क्स स्टुडिओ सोडून गेला. दहा वर्षांनी परत आला, तो चित्रं काढायला नाही, कॅमेरे आणि यंत्रं यांच्यात रमायला. त्याची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

इथे वॉल्टच्या बाजूनं बोललं पाहिजे. तो स्वतः फार थोर चित्रकार नव्हता आणि ते त्याला ठाऊक होतं. त्याची प्रतिभा गोष्ट सांगण्यात होती. १९३४ मधल्या एका संध्याकाळी त्यानं आपल्या चित्रकारांना बोलावलं आणि ‘स्नो व्हाइट’ची सगळी कथा एकट्यानं करून दाखवली. राणी तोच, सातही बुटके तोच, राजकन्याही तोच. त्या संध्याकाळी जे होते ते म्हातारपणीही म्हणत की, पुढची तीन वर्षं आम्ही त्या एका प्रयोगावर काम केलं. आपल्याकडे कीर्तनकार एकटा उभा राहून रामायण उभं करतो, तसंच हे. आणि चित्रकारांना शिकवण्यासाठी त्यानं पदरचे पैसे घातले. १९३२ पासून डॉन ग्रॅहम हे कलाशाळेतले शिक्षक स्टुडिओत येऊन संध्याकाळी चित्रकलेचे वर्ग घेऊ लागले.

आता हे काम होतं कसं, ते थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा झगडा त्यातून निघतो. चित्रपटाच्या फितीत एका सेकंदाला २४ चौकटी असतात. ‘स्नो व्हाइट’ ८३ मिनिटांचा. गुणाकार केला तर जवळजवळ एक लाख वीस हजार चौकटी होतात, आणि एकेका चौकटीत दोन-तीन पात्रं असली तर तितकी चित्रं वेगळी. मुख्य चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या अवस्था काढतो. म्हणजे समजा, बुटक्यानं कुदळ उचलली ते एक चित्र, खाली आणली ते दुसरं. मधली सगळी चित्रं कनिष्ठ चित्रकार भरतात. मग ती पेन्सिलीची चित्रं दुसऱ्या इमारतीत जातात. तिथे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर शाईनं ती जशीच्या तशी गिरवायची, पत्रा उलटा करून मागच्या बाजूनं रंग भरायचे, आणि मग मागे निसर्गदृश्य ठेवून एकेक पत्रा कॅमेऱ्याखाली धरायचा. रेघ केसभर हलली की पडद्यावर पात्र थरथरतं. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातात पातळ मोजे घालायचे. रंगसुद्धा स्टुडिओच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार होत.

हे गिरवण्या-रंगवण्याचं काम जवळजवळ सगळं तरुण मुली करत. विभागाची प्रमुख होती हेझल स्युएल, वॉल्टची मेहुणी. वॉल्टची बायको लिलियन हीसुद्धा लग्नाआधी स्टुडिओत शाई गिरवणारीच होती. स्नो व्हाइटच्या गालांवर जी हलकी लाली दिसते, ती रंगांच्या डब्यातून येईना. हेलन ऑगर नावाच्या बाईंनी एकेका पत्र्यावर ती छटा हातानं दिली. हजारो पत्र्यांवर, दर वेळी त्याच जागी, तितकीच. चित्रपटाच्या नामावलीत ते नाव नाही. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या एका मुलीला १९३८ मध्ये स्टुडिओनं पाठवलेलं पत्र आज प्रसिद्ध आहे. त्यात सभ्य भाषेत कळवलं होतं की, सर्जनाचं काम आमच्याकडे पुरुषच करतात, स्त्रियांना शाई आणि रंगाच्या विभागात अर्ज करता येईल. पत्राच्या कागदावर डोक्याशी स्नो व्हाइट आणि बुटके छापले होते.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात ‘स्नो व्हाइट’ लागला. खर्च सुमारे पंधरा लाख डॉलर. रेखाटलेली पात्रं लोक दीड तास पाहतील यावर चित्रपटसृष्टीचा विश्वास नव्हता. प्रेक्षागृहात मोठमोठे नट-नट्या रडले. पहिल्याच फेरीत ऐंशी लाख डॉलर जमा झाले. ऑस्कर समितीनं एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या दिल्या, त्या वॉल्टनं घेतल्या.

त्या पैशांतून बरबँक इथे नवा, ऐसपैस स्टुडिओ उभा राहिला. खोल्या थंड, उत्तरेचा उजेड, सगळी व्यवस्था. पण जुन्या हायपेरियनच्या दाटीवाटीत जो घरोबा होता तो तिथे राहिला नाही. कुणाच्या खोलीत गालिचा असावा, कुणी वरच्या मजल्यावरच्या क्लबात जावं, हे पगारावर ठरू लागलं. वरच्या चित्रकाराला आठवड्याला तीनशे डॉलरपर्यंत मिळत आणि तळाच्या माणसाला बारा. ‘स्नो व्हाइट’साठी रात्री जागवणाऱ्यांना बक्षिशीची आशा होती, ती बहुतेकांच्या बाबतीत फोल ठरली. त्यात युरोपात महायुद्ध पेटलं, तिथली बाजारपेठ बंद झाली, आणि १९४० मधले ‘पिनोकिओ’ व ‘फँटेशिया’ हे दोन्ही महागडे चित्रपट तोट्यात गेले. कपात सुरू झाली. छोट्या चित्रपटांवर अजूनही एकट्या वॉल्ट डिस्नेचं नाव झळकत होतं. चित्रकारांच्या तक्रारींत पगार पहिला होता हे खरं, पण नावाची तक्रारही त्यात होती.

ह्या असंतोषाचा चेहरा झाला आर्ट बॅबिट. हा काही नडलेला माणूस नव्हता. वरच्या पगाराचा, नावाजलेला चित्रकार. गूफी हे पात्र आज जसं आहे तसं त्याच्या हातून घडलं. ‘फँटेशिया’तला कुकुरमुत्त्यांचा तो गोड नाच त्याचाच. आपल्या सहायकाचे थोडे पैसे वाढवा म्हणून त्यानं शब्द टाकला तो मानला गेला नाही, आणि हा गृहस्थ कामगार संघटनेत गेला. मे १९४१ च्या अखेरीस वॉल्टनं त्याला आणि संघटनेच्या आणखी काहींना कामावरून काढलं. दुसऱ्याच दिवशी संप सुरू झाला.

जगातला सर्वांत सुरेल, सर्वांत रंगीत संप म्हणावा असा तो होता. फलकांवर स्टुडिओचीच पात्रं काढलेली. ‘पिनोकिओ’मधला सदसद्विवेक शिकवणारा रातकिडा आता संप फोडू नका म्हणून शिकवत होता. शेजारच्या वॉर्नर ब्रदर्समधले चित्रकार पाठिंब्याला आले ते फ्रेंच राज्यक्रांतीतला शिरच्छेदाचा सापळा बनवूनच आले. रोज सकाळी वॉल्टची गाडी फाटकातून आत जायची. एके दिवशी बॅबिटनं कर्ण्यातून त्याच्या नावानं धिक्कार केला, तेव्हा वॉल्ट गाडीतून उतरून त्याच्या अंगावर धावला आणि लोकांनी मध्ये पडून दोघांना आवरलं, असं तिथले लोक सांगत. मला ह्या दृश्यात खलनायक कोण ते ठरवता येत नाही. वॉल्टला खरोखरच वाटत होतं की, हे माझं घर आहे आणि घरातल्यांनीच दगा दिला. पण घर म्हणायचं आणि हजेरीपत्रक ठेवायचं, दोन्ही एकदम चालत नाही. घरातला माणूस बारा डॉलर घेत नाही, आणि बारा डॉलर घेणाऱ्याला घराचा अभिमान पोटभर पुरत नाही.

ऑगस्टमध्ये वॉल्ट सरकारच्या सांगण्यावरून सदिच्छा दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत गेला. तो नसताना सरकारी मध्यस्थीनं, रॉयच्या हातून तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पगार वाढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डम्बो’ लागला. त्यात सर्कशीतले विदूषक मालकाकडे पगारवाढ मागायला निघतात, असा एक प्रसंग आहे. तो संपकऱ्यांना मारलेला टोमणा आहे, असं तेव्हापासून मानतात. वॉल्टनं मनातली अढी सोडली नाही. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यानं साक्ष दिली आणि संपाच्या पुढाऱ्यांवर कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवला. बॅबिट कोर्टातून लढून परत आला होता, पण त्याच वर्षी तो कायमचा बाहेर पडला. संपातून बाहेर गेलेल्या जॉन हबली वगैरे मंडळींनी ‘यूपीए’ नावाचा वेगळा स्टुडिओ गाजवला. थोड्या रेषा, सपाट रंग, डिस्नेच्या गोलाईला पाठ. म्हणजे संपानं कलेचंही भलं केलं म्हणायला हरकत नाही.

ह्या सगळ्यात ज्या एका माणसाचं मला राहून राहून वाटतं तो संपात नव्हताच. टायरस वाँग. १९१० मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात जन्मलेला. चिनी माणसांना अमेरिकेत येण्याची बंदी होती, म्हणून नऊ-दहा वर्षांचा हा मुलगा १९२० मध्ये बापाबरोबर खोट्या नावानं, खोट्या कागदांवर आला. एंजल बेटावरच्या ठाण्यात त्याला एकट्याला ठेवून त्याची उलटतपासणी झाली. आईची भेट पुन्हा कधीच झाली नाही. कलाशाळेत शिकून १९३८ मध्ये तो डिस्नेकडे लागला, तो मधली चित्रं भरणाऱ्यांत, अगदी तळाला. तेव्हा ‘बॅम्बी’ची तयारी चालू होती आणि काम अडलं होतं. पानंन् पान रेखाटलेल्या त्या जंगलात हरीण दिसेनासंच व्हायचं. वाँगनं घरी बसून काही छोटी चित्रं रंगवली. सोंग राजवटीतल्या चिनी निसर्गचित्रांचा वारसा त्याच्या बोटांत होता. धुकं, दोन-चार झाडांचे बुंधे, कुठून तरी आलेला उजेड, आणि मध्ये इवलंसं हरीण. ‘बॅम्बी’चं सगळं रूप त्या चित्रांवरून ठरलं. पण संपानंतरच्या काळात स्टुडिओनं त्याला काढून टाकलं. १९४२ मध्ये ‘बॅम्बी’ पडद्यावर आला तेव्हा त्याचं नाव होतं ते पार्श्वभूमी रंगवणाऱ्या अनेकांतलं एक म्हणून. पुढे सव्वीस वर्षं त्यानं वॉर्नर ब्रदर्समध्ये कथाचित्रं काढली. डिस्ने कंपनीनं त्याचा रीतसर गौरव केला तो २००१ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. म्हातारपणी तो सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वतः बनवलेले पतंग उडवायला जायचा. २०१६ मध्ये गेला, तेव्हा १०६ वर्षांचा होता.

‘बॅम्बी’च्याच नामावलीत रेटा स्कॉट हे नाव आहे. डिस्नेच्या चित्रपटात अ‍ॅनिमेटर म्हणून श्रेय मिळालेली ती पहिली स्त्री. नाजूक पाडसं तिनं काढली असतील असं कुणाला वाटेल, तर तिनं काढले ते हरिणीच्या मागे लागलेले शिकारी कुत्रे.

‘बॅम्बी’च्या हरणांची एक पाऊलवाट मुंबईपर्यंत आली आहे. क्लेअर वीक्स हा ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’, ‘पीटर पॅन’ या चित्रपटांवर काम केलेला चित्रकार. अमेरिकेच्या तंत्रसाहाय्य योजनेतून तो १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागात शिकवायला आला. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते, जे पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे पितामह मानले गेले. १९५७ मध्ये ह्या मंडळींनी ‘द बनियन डिअर’ हा छोटा चित्रपट केला. कथा जातकातली. राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एका हरणानं जायचं ठरलेलं असतं. एका गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा कळपाचा राजा तिच्याऐवजी आपली मान ठोकळ्यावर ठेवतो. हरणांची चाल डिस्नेच्या शाळेतली आणि गोष्ट बोधिसत्त्वाची, असा तो मेळ. राम मोहन २०१९ मध्ये गेले. त्यांच्याकडे शिकलेली माणसं आज देशभर आहेत.

आता आयवर्क्सकडे परत येऊ. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’वर साठ लाख डॉलर खर्च झाले आणि चित्रपट तोट्यात गेला. हातानं शाई गिरवणं परवडेना. आयवर्क्सनं झेरॉक्सच्या यंत्रात फेरफार करून असं काही साधलं की, पेन्सिलीचं चित्र थेट सेल्युलॉइडवर उतरावं. १९६१ चा ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ पूर्णपणे त्या पद्धतीनं झाला. इतके ठिपकेवाले कुत्रे हातानं गिरवायचे म्हटलं असतं तर तो झालाच नसता. चित्रकारांना आनंद झाला, कारण त्यांची स्वतःची खरबरीत रेघ पहिल्यांदाच पडद्यावर दिसली. आणि शाई गिरवणाऱ्या कित्येक बायका घरी गेल्या. चाळीस वर्षांचं कसब एका यंत्रानं गिळलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. आपल्याकडच्या छापखान्यांत खिळे जुळवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट गेला, फुप्फुसाच्या कर्करोगानं, वयाच्या ६५ व्या वर्षी. ‘जंगल बुक’ त्याच्या मागे १९६७ मध्ये लागला. मूळ कथांचा लेखक किपलिंग मुंबईत जन्मलेला आणि जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. जाता जाता सांगतो, दूरदर्शनवर १९९३ पासून रविवारी सकाळी जो मोगली आपल्या मुलांना खिळवून ठेवायचा, तो डिस्नेचा नव्हे. ती मालिका जपानी होती. डिस्नेचे आपल्याकडे तेव्हा दिसायचे ते बदकं आणि विमानातलं अस्वल.

वॉल्टनंतरची वीसेक वर्षं ओढग्रस्तीची. नऊ ज्येष्ठ चित्रकारांनी किल्ला लढवला, पण ते थकत गेले. १९७९ मध्ये डॉन ब्लूथ बरोबरीच्या लोकांना घेऊन बाहेर पडला. १९८४ मध्ये नवे व्यवस्थापक आले आणि थोड्याच दिवसांत चित्रकारांना बरबँकच्या त्यांच्या खास इमारतीतून हलवून ग्लेंडेलच्या गोदामवजा जागेत बसवलं. त्याच जागेत ‘लिटल मर्मेड’ झाला आणि १९८९ मध्ये सगळं पुन्हा उजळलं. त्याचं मोठं श्रेय हॉवर्ड अ‍ॅशमन या गीतकाराचं. गाणं हे कथेच्या मध्येच चिकटवायचं नसतं, कथा पुढे नेण्याचं काम गाण्यानं करायचं असतं, हे त्यानं चित्रकारांना बसवून शिकवलं. १९९१ च्या मार्चमध्ये तो एड्सनं गेला, चाळिसाव्या वर्षी. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ त्याला पुरा पाहता आला नाही. त्या चित्रपटाच्या शेवटी त्याच्या नावानं अर्पणपत्रिका आहे.

१९९२ च्या ‘अलादीन’बद्दल मी जरा हळवा आहे. अलिफ लैलाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसानं तो चित्रपट पाहावा आणि रॉबिन विल्यम्सच्या जिनवर फिदा व्हावं, हे साहजिक. पण सुरुवातीच्याच गाण्यात त्या मुलखाची ओळख, चेहरा आवडला नाही तर कान कापणारा देश, अशी करून दिली होती. अमेरिकेतल्या अरब संघटनांनी हरकत घेतली आणि १९९३ मध्ये व्हिडिओवर चित्रपट आला तेव्हा ते शब्द बदलले गेले. हरकत घेणाऱ्यांना विनोद कळत नाही, असं तेव्हा काहींनी लिहिलं. विनोद कळतो हो. कान आपले असले की जरा उशिरा कळतो, इतकंच.

आणि ह्या अलादीनची स्वतःची कथाही नावाचीच आहे. अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलादीन नाही. १७०९ मध्ये अलेप्पोहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नावाच्या सीरियन तरुणानं ती कथा आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला ऐकवली. गालाँनं आपल्या रोजनिशीत तशी नोंद केली, पण छापील पुस्तकात हन्नाचं नाव घातलं नाही. पुढे तीनशे वर्षं जगानं त्या दिव्यातून जिन काढला. दिवा घासणारा कोण होता, ते विचारलं नाही.

दरम्यान संगणक आला होता. १९९० पासून सेल्युलॉइड, शाई आणि रंगाचे डबे गेले, रंग पडद्यावर भरले जाऊ लागले. ती प्रणाली डिस्नेनं पिक्सार या छोट्या कंपनीबरोबर बनवली होती. त्याच पिक्सारनं १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ केला, आणि २००६ मध्ये तिला विकत घ्यायला डिस्नेला ७४० कोटी डॉलर मोजावे लागले. हातानं काढलेला पूर्ण लांबीचा चित्रपट डिस्नेनं २०११ च्या ‘विनी द पू’नंतर केलेला नाही. २००६ मध्ये आणखी एक सौदा झाला. ओस्वाल्ड ससा ७८ वर्षांनी घरी परत आला. त्याच्या बदल्यात कंपनीनं आपल्या वाहिनीवरचा एक नामवंत क्रीडा समालोचक युनिव्हर्सलच्या मंडळींना देऊन टाकला. सशाच्या मोबदल्यात माणूस. असा सौदा बहुधा एवढाच झाला असेल.

झाकलेली नावंही हळूहळू वर येत आहेत. २००७ मध्ये, मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, आर्ट बॅबिटला कंपनीनं आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतलं. शाई आणि रंगाच्या विभागातल्या बायकांवर मिंडी जॉन्सन यांचं जाडजूड पुस्तक २०१७ मध्ये निघालं. १ जानेवारी २०२४ पासून ‘स्टीमबोट विली’वरचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क संपला, तो आता कुणालाही दाखवता येतो. आणि २०२३ मध्ये, कंपनी शंभरीचा सोहळा करत असताना, स्टुडिओतल्या निर्मिती विभागातल्या माणसांनी, म्हणजे कामाची वेळापत्रकं सांभाळणाऱ्या, ह्या टेबलावरचं काम त्या टेबलावर पोचवणाऱ्या मंडळींनी, मतदान करून चित्रकारांच्या संघटनेत जायचं ठरवलं. तोवर ती तिच्या बाहेरच होती.